सीमा नेमकी कोठे असते?

राज्यशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात आपण राज्याचे चार घटक पाठ करतो : लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. त्यांपैकी भूप्रदेश हा घटक मला सर्वांत सोपा वाटत असे. नकाशावरची रेघ म्हणजे सीमा; तिच्या अलीकडे आपला कायदा, पलीकडे दुसऱ्याचा. या समजुतीला गेल्या वर्षी धक्का बसला. माझी मावसबहीण शिक्षणासाठी मुंबईहून अबूधाबीमार्गे न्यूयॉर्कला निघाली होती. अबूधाबीच्या विमानतळावरून तिने घरी निरोप धाडला, "अमेरिकेचे इमिग्रेशन झाले. आता विमानात बसते." मावशीला वाटले, पोरीची काहीतरी गफलत होते आहे. न्यूयॉर्क अजून चौदा तास दूर आणि अमेरिकेत प्रवेश आताच कसा मिळाला? परंतु गफलत काहीच नव्हती. त्या निरोपाचा उलगडा करून घेताना जे वाचनात आले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

आकाशावरील सत्ता

विमानाच्या शोधाबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला : जमिनीवरच्या सीमेला वर आकाशात काही अर्थ आहे काय? १९१९ च्या पॅरिस कराराने त्याचे उत्तर दिले. प्रत्येक राज्याची आपल्या भूमीवरील आकाशातही संपूर्ण सत्ता चालेल, असे त्यात मान्य करण्यात आले. दुसरे महायुद्ध संपत आले असता ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात हे तत्त्व पुन्हा नोंदविले आहे. सहाव्या कलमानुसार कोणत्याही नियमित विमानसेवेला दुसऱ्या राज्याच्या संमतीवाचून त्याच्या प्रदेशात येता येत नाही. तेराव्या कलमानुसार प्रवाशाने ज्या राज्यात प्रवेश करावयाचा, त्या राज्याचे पारपत्र, प्रवेश व जकातीचे नियम पाळले पाहिजेत.

संमती हवी म्हटले की वाटाघाटी आल्या. १९४६ साली अमेरिका व ब्रिटन यांच्यात झालेला बर्म्युडा करार हा अशा द्विपक्षीय करारांचा नमुना ठरला. आज आपण ज्या विमानात बसतो, त्याच्यामागे असा कोणता तरी करार उभा असतो. मात्र या सर्व व्यवस्थेत एक क्रम गृहीत धरलेला होता. प्रवाशाने आधी पोहोचावे आणि मग त्याची तपासणी व्हावी, असा तो क्रम. पुढे हाच क्रम उलटला.

पुढे सरकलेली सीमा

याची सुरुवात सुरक्षिततेसाठी झाली नाही, हे वाचून मला नवल वाटले. १९५२ साली एका अमेरिकन विमान कंपनीच्या विनंतीवरून अमेरिकेचे अधिकारी कॅनडातील टोरांटो विमानतळावर प्रवाशांची तपासणी करू लागले. तेथे तपासणी झालेला प्रवासी अमेरिकेत उतरला की देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे सरळ बाहेर पडे. वेळ वाचे आणि पुढचे विमान चुकत नसे. १९७४ साली या पद्धतीला दोन्ही देशांतील रीतसर कराराचे रूप मिळाले. या पद्धतीला 'प्रीक्लिअरन्स' म्हणतात. आपण तिला पूर्वतपासणी म्हणू. आयर्लंडमधील शॅनन येथे ती १९८६ मध्ये आली, पुढे डब्लिनलाही आली. २०१४ च्या जानेवारीत अबूधाबी येथे केंद्र सुरू झाले. माझ्या बहिणीच्या निरोपाचा उलगडा येथे होतो.

२००१ सालच्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर या पद्धतीचा हेतू बदलला. संशयित मनुष्य उतरल्यावर पकडण्यापेक्षा तो विमानातच चढू नये, हा विचार बळावला. सोयीसाठी उघडलेले दार अशा रीतीने पहाऱ्याची चौकी बनले.

कायदा कोणाचा?

खरी अडचण यापुढे सुरू होते. अधिकारी अमेरिकेचा, जमीन कॅनडाची. मग प्रवाशाला संरक्षण कोणाचे? कॅनडा व अमेरिका यांनी २०१५ साली नवा करार केला आणि तो २०१९ मध्ये अमलात आला. त्यासाठी कॅनडाने जो कायदा केला, त्यात पूर्वतपासणीच्या जागी कॅनडाचाच कायदा लागू राहील आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी कॅनडाची हक्कांची सनद पाळली पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकन अधिकाऱ्याला तेथे अटक करता येत नाही; प्रवाशाला रोखून धरून कॅनडाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करावे लागते. कागदावर हे समाधानकारक दिसते.

परंतु त्याच कायद्यातील इतर तरतुदी पाहाव्यात. पूर्वी प्रवाशाला "मला जायचेच नाही" असे म्हणून सहज परत फिरता येई. आता परत फिरणाऱ्याला आपली ओळख आणि परत फिरण्याचे कारण सांगावे लागते. कपडे उतरवून झडती घेण्याचे काम मुळात कॅनडाच्या अधिकाऱ्याचे आहे. तो उपलब्ध नसेल किंवा नकार देईल, तर ठरावीक परिस्थितीत अमेरिकन अधिकाऱ्याला ती घेता येते. आणि कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दिवाणी दावा लावता येत नाही. हक्क दिला, पण तो बजावून घेण्याची वाट अरुंद करून ठेवली, असे म्हणावे लागते.

२७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेने सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला. तेव्हा आयर्लंडमध्ये हाच प्रश्न उभा राहिला. आपल्या विमानतळावर, आपल्या भूमीवर परक्या सरकारचा असा आदेश राबविला जावा काय? या व्यवस्थेचा फेरविचार करावा, अशी मागणी तेथील मंत्रिमंडळातूनच पुढे आली.

प्राग विमानतळाचा खटला

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण मला प्राग येथे सापडले. झेक प्रजासत्ताकातील रोमा जमातीचे लोक ब्रिटनमध्ये जाऊन आश्रय मागत असत. त्या वेळी झेक नागरिकांना ब्रिटनसाठी व्हिसा लागत नसे. २००१ साली दोन्ही सरकारांनी करार केला आणि त्याच वर्षी जुलैपासून ब्रिटिश अधिकारी प्राग विमानतळावरच प्रवाशांना प्रश्न विचारून काहींना परत पाठवू लागले. रोमांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था आणि सहा रोमा व्यक्ती यांनी हे प्रकरण न्यायालयात नेले. पाहणीतील आकडे न्यायालयापुढे आले. रोमा प्रवाशांपैकी सुमारे ९० टक्क्यांना प्रवेश नाकारला गेला होता, तर इतरांपैकी केवळ ०.२ टक्के लोकांना. म्हणजे रोमा असण्याने नकाराचा संभव सुमारे ४०० पटींनी वाढत होता.

९ डिसेंबर २००४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निकाल दिला. तेच तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय होते. निकालाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एक, ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वंशाच्या आधारे भेदभाव केला, म्हणून त्यांनी ब्रिटनचाच वंशसंबंध कायदा मोडला. हा कायदा अधिकाऱ्यांबरोबर प्रागपर्यंत गेला, असे म्हणता येईल. दोन, १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा मात्र भंग झाला नाही; कारण त्या कराराप्रमाणे निर्वासित तोच, जो स्वतःच्या देशाबाहेर आहे. ही माणसे अजून आपल्याच देशात होती.

या दुसऱ्या मुद्यापाशी मी बराच वेळ थांबलो. आश्रयाचा हक्क सीमा ओलांडल्यावर मिळतो. सीमाच त्या माणसाच्या गावापर्यंत आणून ठेवली, तर तो ती कधीच ओलांडीत नाही आणि हक्कही कधी जन्माला येत नाही. करार मोडला गेला नाही. तो लागू होण्याची वेळच येऊ दिली नाही.

खिडकीवरचा कारकून

परक्या अधिकाऱ्यांविनाही सीमा पुढे सरकते. योग्य कागदपत्रांशिवाय प्रवासी आणल्यास विमान कंपनीला दंड करणारे कायदे अनेक देशांत आहेत. ब्रिटनने १९८७ साली असा कायदा करून दर प्रवाशामागे १००० पौंड दंड ठेवला. त्यामुळे मुंबईच्या विमानतळावर बोर्डिंग पास देणारा कंपनीचा कारकून आपला व्हिसा उलटसुलट करून पाहतो, तेव्हा तो एका दूरच्या सरकारचा पहारेकरीच झालेला असतो. त्याने नकार दिला तर अपील कोणाकडे करावयाचे, हे प्रवाशाला ठाऊक नसते.

समारोप

मी या करारांच्या विरुद्ध नाही. माझ्या बहिणीचा प्रवास त्यांच्यामुळे सुखाचा झाला, आणि विमानातील निरपराध माणसांचे जीव वाचविणे हे प्रत्येक शासनाचे कर्तव्यच आहे. अशा करारांनी सार्वभौमत्व नष्ट होते, असेही मला वाटत नाही. राज्य आपल्या संमतीने ते थोडेसे उसने देते. माझे म्हणणे एवढेच की, अधिकार जेथवर नेला जातो तेथवर त्याच्या जोडीची जबाबदारीही नेली पाहिजे. तपासणारा अधिकारी समुद्रापलीकडे पाठविता येतो, तर दाद मागण्याची सोयही तेथे पाठविता आली पाहिजे. प्रागच्या निकालाचा पहिला भाग हे शक्य आहे असे सांगतो आणि दुसरा भाग अजून काय करावयाचे राहिले आहे ते दाखवितो.

राज्याचे चार घटक मी अजूनही तसेच लिहीन, कारण परीक्षेत गुण त्याचेच मिळतात. परंतु 'भूप्रदेश' हा शब्द लिहिताना अबूधाबीच्या विमानतळावर पारपत्र हातात धरून रांगेत उभी असलेली माझी बहीण मला आठवेल.