संगणकावरील इमारत आणि अंगणातील काठी

लक्ष्मीविलास राजवाडा आपणां बडोदेकरांस नवा नाही. त्याचा मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. १८८१ साली मँट निवर्तले आणि रॉबर्ट चिझम यांच्या देखरेखीखाली राजवाडा १८९० साली पुरा झाला. आपले हिशेब चुकले, आपण आखलेल्या इमारती आता कोसळणार, या भयाने अखेरीस मँट यांचे चित्त ठिकाणावर राहिले नव्हते, अशी आख्यायिका आहे. तिच्यात तथ्य किती, देव जाणे. राजवाडे मात्र दोन्ही उभे आहेत. वास्तुकला शिकविणाऱ्याने ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी, कारण हल्लीच्या विद्यार्थ्यास हे भय वाटेनासे झाले आहे. आकडे संगणक देतो, आणि संगणक चुकतो असे कोणास वाटत नाही.

ज्या वर्षी राजवाडा पुरा झाला, त्याच १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापिले व त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांजकडे सोपविली. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनी चित्रकलेबरोबर वास्तुकलेचे धडे घेतले ते याच कलाभवनात. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले आणि कलाभवन त्याची तंत्रविद्याशाखा झाले. हाताने करून पाहिल्याखेरीज विद्या अंगी लागत नाही, ही तेथील जुनी शिस्त. प्रस्तुत विषयात तिचाच आधार घ्यावयाचा आहे.

संगणकावर इमारत रचणे म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगतो. पूर्वी नकाशा, दर्शनी बाजू आणि छेद ही निरनिराळी चित्रे काढावी लागत. एका चित्रात खिडकी सरकवली की बाकीच्यांत ती खोडून पुन्हा काढावी लागे. आता रेविटसारख्या प्रणालीत भिंत एकदाच उभी करायची, तिची जाडी आणि विटेचा प्रकार तिच्याबरोबर नोंदवायचा. सर्व चित्रे त्यातून आपोआप निघतात. हेच प्रतिरूप पुढे एनर्जीप्लससारख्या गणकाकडे दिले, की तो त्या गावच्या हवामानाचे वर्षाचे ८७६० तास एकेक करून तपासतो आणि खोली केव्हा किती तापेल, वीज किती लागेल, हे सांगतो. सरकारनेही या दिशेने नियम केले आहेत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ साली आली व २०१७ मध्ये सुधारली. घरांसाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ निघाली. थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या आत ठेवावी, असे ती सांगते.

आता शिकवणीचा क्रम. माझ्या मते पहिला आठवडा संगणक उघडूच नये. विद्यार्थ्यास अंगणात किंवा गच्चीवर तीन फुटी काठी उभी करावयास सांगावे. आपले शहर २२.३ उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराच्या सुमारास. त्या वेळी २२ डिसेंबरला काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच, तीन फूट पडते. २१ मार्चला ती सव्वा फुटावर येते. जूनमध्ये ती जवळपास नाहीशी होते, आणि महिनाभर तर सूर्य किंचित उत्तरेस असतो. दक्षिणेच्या भिंतीवर भर दुपारी ऊन नसते, हे पाहून मुले चकित होतात.

याच हिशेबाने दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर, अगदी तिच्या माथ्याशी, दोन फुटांचा छज्जा काढावा. मार्चच्या दुपारी सबंध खिडकी सावलीत. डिसेंबरात वरचा अर्धा भाग सावलीत आणि खालून हवेहवेसे ऊन आत. तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर लावा. मे महिन्याच्या मध्यास सायंकाळी पाच वाजता त्याची सावली एक फुटाहून किंचितच खाली उतरते. उरलेली तीन फूट काच तापत राहते. पश्चिमेस छज्जा नव्हे, उभा पडदा, जाळी किंवा झाड हवे, हे विद्यार्थ्यास सांगावेच लागत नाही.

यानंतर संगणक. आणि येथेच ती चूक होते, जी मी पुनःपुन्हा पाहिली आहे. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, असे धरून प्रतिरूप रचले जाते. प्रत्यक्षात भूखंड चाळीस-पन्नास अंशांनी वळलेला असतो. खरी उत्तर दिशा वेगळी नोंदवायची सोय प्रणालीत आहे, पण ती कोणी वापरत नाही. यंत्र तक्रार करीत नाही. ते ८७६० तासांचा रंगीत तक्ता देते, तो दिसतो सुबक, आणि सगळा चुकीचा असतो. त्या तक्त्यावर भरवसा ठेवून कोणी कुटुंब आयुष्याची पुंजी घालून घर घेते आणि निजायची खोली दर उन्हाळ्यात भट्टी होते. ज्याने काठीची सावली मोजली आहे, तो पडद्यावर २१ मार्चची दुपार लावून पाहतो. सावली जुळली नाही की थांबतो.

गच्चीचे तसेच. वरच्या मजल्यास तापवते ती मुख्यतः गच्ची. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी तेथे काय करते, हे अनवाणी पायाने उभे राहून कळते. जोत्याची उंचीही यंत्र सुचवीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून वस्तीत शिरली. नदीकाठच्या भूखंडावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने शेजारच्या भिंतींवरील पुराची खूण आधी फुटपट्टीने मोजावी.

शेवटचा पाठ जुन्या घराचा. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. पण आपल्यापैकी काहींच्या घरी अजून चौक आणि माजघर असलेले साधे वाडेही असतील. मे महिन्यात दुपारी तीन वाजता माजघरात, चौकात आणि बाहेर रस्त्यावर उष्णतामापक ठेवून तीन आकडे लिहून घ्यावे. मग तोच वाडा संगणकावर रचून यंत्राचे आकडे काढावे. ते सहसा जुळत नाहीत. भिंतीची खरी जाडी किती, माडीचा दरवाजा उघडा होता की बंद, चौकात पाणी शिंपडले होते काय, हे विचारण्यासाठी विद्यार्थी पुन्हा वाड्यावर जातो. घरच्या आजीबाईंनी त्यास तेवढी माहिती द्यावी, ही विनंती.