आधी अर्थिंग, मग सोलर

झांबियातल्या लुसाकात नव्याने आलेलं मराठी कुटुंब भेटलं, की पहिल्या चहातच विषय विजेवर येतो. पॅनल किती लावावीत, बॅटरी कुठली घ्यावी, इन्व्हर्टर पाच किलोवॉटचा की आठचा. माझा प्रश्न त्याच्याही अलीकडचा असतो: घराचं अर्थिंग कुणी मोजलंय का? उत्तर सहसा मिळत नाही. घर भाड्याचं, वायरिंग मालकाचं, आपण इथे दोन-तीन वर्षांपुरते, असं धरून माणसं राहतात आणि त्याच वायरिंगवर लाखो रुपयांचं सोलर चढवतात. त्यांनी तसं करू नये म्हणून हे लिहितो आहे.

झांबियाची बहुतेक वीज पाण्यापासून होते. झांबेझीवरचं करिबा आणि काफुए नदीवरची केंद्रं, यांच्यावर देश चालतो. २०२३-२४चा पाऊस बुडाला, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचं जाहीर केलं आणि मार्चमध्ये रोज ८ तासांचं भारनियमन सुरू झालं. पुढच्या महिन्यांत ते वाढतच गेलं. महाराष्ट्रात भारनियमन काढलेल्या माणसाला अंधाराची भीती नसते, पण तिथे आपला इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे ओढायचा. इथे फ्रिज, बोअरची मोटर, मुलांची ऑनलाइन शाळा, ऑफिसचं काम, सगळंच त्यावर. त्यामुळे गल्लोगल्ली पॅनल चढली. काम जाणणारी माणसं मात्र एवढ्या वेगाने तयार होत नाहीत.

आमच्या घरी सोलर बसवणारे दोन दिवसांत काम आटोपून गेले. छपरावर आठ पॅनल, सगळी सिरीजमध्ये. एका पॅनलचं मोकळं व्होल्टेज पन्नासच्या आसपास असतं, म्हणजे छपरावरून खाली येणाऱ्या दोन तारांमध्ये भर उन्हात ४०० व्होल्ट डीसी. त्या तारा कोठीच्या खोलीत एका प्लास्टिकच्या डबीत येत होत्या. डबीत ब्रेकर, तिथून इन्व्हर्टर. दिसायला काम नीटनेटकं होतं.

ऑक्टोबर हा इथला सर्वांत कडक उन्हाचा महिना. त्यातल्या एका रविवारी दुपारी कोठीतून प्लास्टिक जळल्याचा वास आला. बायकोने डबीचं झाकण पिवळं पडलेलं पाहिलं आणि कुणीही करेल तेच केलं, ब्रेकर खाली ओढला. ब्रेकर खाली आला, पण आतली चरचर थांबली नाही. उलट वाढली, आणि झाकणाच्या फटीतून निळसर उजेड दिसू लागला. मी इन्व्हर्टरच्या बुडाशी असलेला त्याचा स्वतःचा डीसी स्विच बंद केला. प्रवाह थांबला आणि मग ती चरचर थांबली.

दुसऱ्या दिवशी एका जाणकार इलेक्ट्रिशियनना बोलावलं. उमेदीची वर्षं कॉपरबेल्टच्या तांब्याच्या खाणींत काढलेले, साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांनी ती डबी उघडून ब्रेकर माझ्या हातात ठेवला. एका बाजूचा स्क्रू नीट आवळलेला नव्हता, तिथलं तांबं काळंनिळं झालं होतं. आतले दोन्ही संपर्क वितळून ओघळले होते. आणि अंगावर छापलेलं होतं २३०/४०० व्होल्ट, त्याच्यापुढे एसीचं नागमोडी चिन्ह. डीसीचा उल्लेख कुठेच नव्हता. आपल्याकडे डीबीत, म्हणजे घराच्या ब्रेकरच्या पेटीत, लावतो तो साधा एमसीबी होता तो.

हे नीट समजून घ्या, कारण घरातली सगळी वायरिंगची कामं स्वतः करणारी हुशार माणसंही इथे चुकतात. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना जी ठिणगी उडते ती त्या शून्यावर आपोआप विझते, म्हणून एसीचा ब्रेकर छोट्या फटीतही काम भागवतो. डीसीला शून्य नाही. एकदा ठिणगी धरली की ती वेल्डिंगसारखी जळत राहते. डीसीचा ब्रेकर आतून वेगळा असतो, ठिणगी ताणून तोडण्याची सोय त्यात केलेली असते. काहींना प्लस-मायनसची बाजूही ठरलेली असते, उलटं जोडलं तर तोही पेटतो. तेव्हा छपरावरून येणाऱ्या तारेवर जे काही लागेल, ब्रेकर, आयसोलेटर, फ्यूज, सर्ज अरेस्टर, त्याच्या अंगावर डीसी आणि तुमच्या स्ट्रिंगपेक्षा, म्हणजे सिरीजमधल्या सगळ्या पॅनलच्या बेरजेपेक्षा, जास्त व्होल्टेज छापलेलं आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. बसवणारा कितीही चांगला असला तरी वाचा. छपरावर पॅनलच्या तारा एकमेकींना जोडणारे एमसीफोर जोडही पाहा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अर्धे भाग एकमेकांत बसतात, खट्‌ आवाजही येतो, पण आतला संपर्क पक्का असेलच असं नाही आणि तो तापतो. पिन पक्कडीने दाबलेली असेल तर काम परत करून घ्या, तिला क्रिम्पिंगचं वेगळं हत्यार असतं. आणि चालू प्रवाहात हे जोड ओढून काढू नका. ऊन असेपर्यंत पॅनल बंद होत नाही. क्रम एकच: आधी इन्व्हर्टरवरचा भार काढा, मग डीसी स्विच, आणि सगळं थंड झाल्यावर बाकीचं.

माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट यानंतरची. ते गृहस्थ जायला निघाले नाहीत. डीबीपाशी गेले, मग घराबाहेर अर्थिंगचा रॉड शोधू लागले. भिंतीकडेच्या बोगनवेलीखाली तो सापडला. क्लॅम्प गंजून सुटलेला, हिरवी-पिवळी तार नुसती टेकलेली. म्हणजे वॉशिंग मशीन, फ्रिज, गिझर, नवा इन्व्हर्टर आणि छपरावरची अ‍ॅल्युमिनियमची चौकट, यांपैकी कशालाच अर्थ नव्हता. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात, असं घरात सगळेच म्हणत. मुंग्या येणं ही तक्रार नाही, ती सूचना आहे. त्या क्षणी मशीनचा प्लग काढायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

अर्थिंग मोजायचं ते यंत्राने. टेस्टरचा दिवा लागला, म्हणजे सगळं ठीक, ही आपल्याकडची सवय सोडा. टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग चांगलं की वाईट ते त्याला कळत नाही. इथे मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतो, जमीन कोरडी ठणठणीत होते आणि रॉडचा रोध वाढतो. जानेवारीच्या चिखलात मिळालेला छान आकडा ऑक्टोबरमध्ये टिकेलच असं नाही, म्हणून मोजणी कोरड्या दिवसांत करून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, ज्याला आपण आरसीसीबी म्हणतो, तो डीबीत आहे का ते बघा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पण बटण दाबून तो पडला यावरून अर्थिंग आहे असं समजू नका, ती चाचणी अर्थिंगशिवायही पार पडते. सोलरच्या घरात आणखी एक खोच आहे. लाइन गेली आणि घर बॅटरीवर गेलं की काही इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांचा संबंध तुटतो. मग यंत्राच्या बॉडीला फेज लागली तरी आरसीडीला ते समजत नाही. म्हणून मीटर लावून केलेली चाचणी दोनदा हवी, एकदा लाइनवर आणि एकदा घर नुसत्या बॅटरीवर चालू असताना.

भारतातून येणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगायलाच हव्यात. व्होल्टेज आपलंच आहे, २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, त्यामुळे मिक्सर, वेट ग्राइंडर खुशाल आणा. प्लग मात्र ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. वरच्या भोकात पेन्सिल किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून झडप उघडायची आणि आपला दोन पिनांचा प्लग दामटायचा, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. ब्रिटिश पद्धतीत सॉकेटांच्या मागे बहुधा ३२ अँपिअरचा ब्रेकर असतो आणि उपकरणाच्या बारीक वायरीचं रक्षण प्लगमधला फ्यूज करतो. फ्यूजच नाही तर ती वायर पेटेपर्यंत ब्रेकर हलणार नाही. जुना प्लग कापा, चौकोनी प्लग लावा, साडेसातशे वॅटच्या मिक्सरला ५ अँपिअरचा फ्यूज घाला. काम दहा मिनिटांचं आहे.

रंगांचंही तसंच. आपल्याकडे थ्री फेजमध्ये लाल, पिवळा, निळा या तिन्ही फेज आणि काळा न्यूट्रल. ब्रिटिश पद्धतीच्या नव्या वायरिंगमध्ये निळा न्यूट्रल असतो आणि काळा ही फेज असू शकते. जुन्या घरात जुने रंग, नंतर वाढवलेल्या खोलीत नवे, असंही सापडतं. गावाकडे घरचं वायरिंग स्वतः केलेल्या आपल्या माणसाचा हात सवयीने काळ्या तारेकडे जातो. इथे रंगावर विश्वास ठेवू नका. मेन बंद करा, मीटरने खात्री करा, मगच हात लावा.

पॅनलची दिशाही उलटी. पुण्याला ती दक्षिणेकडे तोंड करून लावतात, लुसाका विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १५ अंशांवर आहे, तेव्हा इथे तोंड उत्तरेकडे आणि कल १५ अंशांच्या आसपास. मराठी व्हिडिओ बघून कुणी दक्षिण सांगितली तर ऐकू नका. गिझर आणि इलेक्ट्रिक शेगडी सोलरच्या डीबीतून बाहेरच ठेवा. एक गिझर ३ किलोवॉट खातो, पाच युनिटची बॅटरी तो दीड-दोन तासांत संपवतो. किती मोठं सोलर हवं ते दुकानदाराला विचारण्याआधी प्रीपेड मीटरचा आकडा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वहीत टिपा.

जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपेतला माणूस उठत नाही. आणि दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर सॉकेटात खुपसून घराला वीज देण्याचा प्रकार कुणी दाखवला तर त्याला हात जोडून परत पाठवा. उघड्या पिनांत वीज असते आणि मेन बंद करायचा राहिला तर ती खांबावर चढलेल्या लाइनमनपर्यंत जाते. लाइन आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकच घराला जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचला पर्याय नाही.

नवं घर बघायला जाल तेव्हा बाग आणि स्वयंपाकघर बघून झाल्यावर मालकाला थांबवा. अर्थिंगचा रोध किती ओहम, आरसीडी किती मिलिअँपिअरला पडतो, एवढे दोन आकडे इलेक्ट्रिशियनच्या सहीने मागा. सोलर लावायची परवानगी आणि जाताना पॅनल कुणाची, हे त्याच करारात लिहून घ्या. कंपनीने घर दिलं असेल तर हीच मागणी कंपनीकडे करा, त्यात संकोच नको. मालक टाळाटाळ करू लागला तर चाचणीचा खर्च स्वतः द्या, आणि चाचणीच करू देत नसेल तर दुसरं घर बघा.