परसातील खुराड्याचे छप्पर

कोंबड्या पाळण्याचा जोडधंदा आपल्याकडे जुना आहे. परंतु खुराडे बांधताना जेवढा विचार भिंतीचा व दाराचा होतो, तेवढा छपराचा होत नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे. मांजर व मुंगूस आत शिरू नये एवढी तजवीज झाली, की वर घरातील जुना पत्रा टाकावयाचा, त्यावर चार धोंडे ठेवावयाचे आणि काम संपले असे समजावयाचे, ही सर्वसाधारण रीत. पुढे वैशाखात दोन कोंबड्या दगावतात, श्रावणात चार पिल्ले रक्ती हगवण लागून मरतात, आणि मंडळी 'रोग आला' असे म्हणून मोकळी होतात. आमचे म्हणणे असे की, यांपैकी पुष्कळ नुकसान रोगाच्या खाती न मांडता छपराच्या खाती मांडावयास हवे. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती येतो व वरखर्चास उपयोगी पडतो. तेव्हा हे नुकसान थोडके असले तरी उपेक्षा करण्याजोगे नव्हे.

प्रथम पुण्याचे हवामान ध्यानात घ्यावे. येथील पाऊस वर्षास सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास असून तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात पारा 38 ते 40 अंशांपर्यंत चढणे ही नित्याची गोष्ट आहे. 30 एप्रिल 1897 रोजी तर तो 43.3 अंशांवर गेला होता. कोंबडीच्या शरीराचे उष्णमान मूळचेच सुमारे 41 अंश असते, आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे व पंख पसरणे एवढेच तिच्या हाती असते. हवा 35 अंशांच्या वर गेली की तिचे खाणे सुटते, अंडी कमी होतात. आणि उघड्या पत्र्याखाली तर बाहेरच्यापेक्षाही अधिक ताप होतो. सारांश, आपल्या भागात छप्पर पावसाकरिता जितके, तितकेच उन्हाकरिता बांधावयाचे असते.

दहा-बारा कोंबड्यांस 8 फूट लांब व 5 फूट रुंद खुराडे ऐसपैस होते. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद बाजूंवरच पडते. छप्पर एकपाखी करावे. दक्षिणेकडील खांब जमिनीवर 5 फूट व उत्तरेकडील सव्वासहा फूट ठेवावेत. म्हणजे चार फुटांस एक फूट असा उतार मिळतो व तो पत्र्यास पुरेसा आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येत असल्यामुळे खाली उतरलेली दक्षिण बाजू झड अडविते. पश्चिमेची बाजू फळ्यांनी बंद करावी. उत्तर व पूर्व बाजूंस जाळी ठेवावी. दक्षिणेस दीड फूट व उत्तरेस सव्वा फूट वळचण सोडली, तर उतारावरचे माप बरोबर 8 फूट भरते, आणि बाजारात मिळणारा आठ फुटी पत्रा न कापता बसतो.

याच मापाने कौले घालू नयेत. मंगलोरी कौलांस दोन फुटांस एक फूट उतार हवा, नाहीतर पाणी मागे शिरते. गवताचे छप्पर करावयाचे असेल तर ते दुपाखी करून आढे खुराड्याच्या रुंदीच्या निम्म्याने उंच घ्यावे. अ‍ॅस्बेस्टॉस असलेले सिमेंटचे जुने पत्रे घरात पडून असतील, तर ते कापू अथवा भोके पाडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसास घातक असते.

महसुली नोकरीत असता वादळ-पावसाचे पुष्कळ पंचनामे आमच्या हातून लिहिले गेले. त्यांत आम्हांस असे आढळले की, पत्रा मोडल्यामुळे छप्पर गेले असे क्वचितच घडते. तो नीट न बांधल्यामुळेच उडतो. धोंड्यांचा वाऱ्यापुढे टिकाव लागत नाही. तरी दोन्ही बाजूंस तीन-तीन खांब दोन-दोन फूट जमिनीत गाडून, गाडलेल्या भागास डांबर लावावे. त्यांवर तुळया, तुळयांवर तीन वासे व वाशांवर 10 फुटी चार आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. वासे खांबांस लोखंडी पट्टीने जखडावेत. पत्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे घालीत यावे, म्हणजे जोडाची फट वाऱ्याच्या पाठीस राहते. बोल्ट नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, वॉशर घालूनच बसवावेत. खळग्यात भोक पाडले की ते गळणारच.

उष्णता कमी करण्याचे उपाय तीन. फाल्गुनात पत्र्यास पांढरा चुना द्यावा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूची तट्टी बांधावी. मधली हवा ताप अडविते. उत्तरेच्या तुळईखाली नऊ इंचांची फट ठेवून तीस अर्ध्या इंचाची जाळी मारावी; तापलेली हवा तेथून निघून जाते व मुंगूस आत येत नाही. कित्येक जण पत्र्यावर उसाचे पाचट पसरून पाणी मारतात. हे चांगले, परंतु चुलीच्या ठिणगीपासून ते जपावे आणि मृगापूर्वी काढून टाकावे, नाहीतर ते ओले राहून पत्रा गंजवील.

आता पाण्याचा हिशेब पाहू. वळचणींसह हे छप्पर सुमारे 77 चौरस फूट जागा झाकते. एक इंच पाऊस झाला की त्यावरून सुमारे 180 लिटर पाणी उतरते. पंधरा लिटरांची घागर धरल्यास बारा घागरी. एवढ्या पागोळ्या दक्षिणेच्या पायथ्याशी पडू दिल्यास ओल आत शिरून खालचे तूस भिजते. ओल्या तुसातून अमोनिया वायू सुटून कोंबड्यांचे डोळे झोंबतात, आणि रक्ती हगवणीचे जंतू ओल व ऊब मिळताच रोग लावण्यास समर्थ होतात. यास्तव वळचणीखाली नळी बसवावी किंवा चर खणून पाणी अळवाच्या वा केळीच्या आळ्यात सोडावे. खुराड्याची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच असावी.

छप्पर सर्व रोगांवर औषध आहे, असे मात्र कोणी समजू नये. मानमोडी केवळ लसीनेच टळते. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूर येथे बर्ड फ्लूने जो हाहाकार केला, त्यानंतर रानपाखरांची विष्ठा खाद्यात व पाण्यात पडू न देणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा खाद्याची व पाण्याची भांडी छपराच्या आत ठेवावीत.

शेवटी एवढेच सुचवितो की, घराच्या शाकारणीबरोबर खुराड्याचीही पाहणी करण्याचा परिपाठ ठेवावा. बोल्ट आवळावेत, वासे ठोकून पाहावेत, नळीतील पाला काढावा, आणि वर घागरभर पाणी ओतून आत कोठे थेंब पडतो ते पाहावे. मृग लागण्यापूर्वी एका दुपारचे हे काम आहे. पावसात तेच चार दिवसांचे होते.