काका बॅप्टिस्टा : वकील व मुंबईचे नगराध्यक्ष

उंब्रज येथें तारळी नदी कृष्णेस मिळते. या भागांतील कित्येक घरांचा एखादा तरी माणूस पूर्वीं पोटासाठीं मुंबईस गेलेला असे. कोणी गिरणींत, कोणी गोदीवर. खेड्यांतील मनुष्याची वकिलाशीं गांठ पडते ती बहुधा कऱ्हाडच्या कचेरींत, बांधाच्या किंवा वांटणीच्या तंट्यापायीं. फी दिली म्हणजे वकील बोलतो, न दिली म्हणजे गप्प राहतो, अशी पुष्कळांची समजूत असते. म्हणून या पाठांत आपण अशा एका वकिलाचें चरित्र पाहूं, ज्यांनीं आपली विद्या दुसऱ्यांच्या कामीं लाविली व जे शेवटीं मुंबई शहराच्या प्रथम आसनावर बसले. त्यांचें नांव जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांस प्रेमानें ‘काका’ म्हणत.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं मुंबईंत माझगांवच्या म्हातारपाखाडींत झाला. वडील मूळचे भाईंदरजवळील उत्तन गांवचे. साष्टी, वसई व मुंबई येथील हा जुना ख्रिस्ती समाज. घरची बोली मराठी, पंथ रोमन कॅथलिक. १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. जोसेफ यांनीं माझगांवच्या सेंट मेरी शाळेंत व पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिक्षण घेतलें, आणि पुढें इंग्लंडांतील केंब्रिज येथें राज्यशास्त्राचा अभ्यास करून ते बॅरिस्टर झाले. इतकी विद्या असल्यावर सुखाचा मार्ग त्यांस मोकळा होता. त्यांनीं कोणता मार्ग धरिला तें पुढील दोन खटल्यांवरून कळेल.

१९०८ सालीं लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. सरकारनें खास ज्यूरीची मागणी केली, तेव्हां टिळकांच्या वतीनें तिला विरोध करण्यास बॅप्टिस्टा उभे राहिले. लेख तर मराठी. आणि खास ज्यूरींत ज्यांचा भरणा व्हावयाचा त्या युरोपियन गृहस्थांस ते मूळांतून वाचतां येण्याजोगे नव्हते. तरी ही हरकत मान्य झाली नाहीं. टिळकांनीं आपला बचाव स्वतःच केला. नऊ पंचांपैकीं सात युरोपियन व दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले व सहा वर्षांसाठीं मंडालेस गेले. १९१० सालीं विनायक दामोदर सावरकर यांच्यावर मुंबईस खास न्यायासनापुढें खटला चालला. त्यांच्या बचावाच्या वकिलांतहि बॅप्टिस्टा होते. तेथेंहि यश आलें नाहीं. सावरकरांस दोन जन्मठेपींची शिक्षा झाली.

वाचक विचारतील, हरलेले खटले या पाठांत कशाला? उत्तर असें कीं, जो पक्ष जिंकणार हें ठाऊक आहे, त्याच्या बाजूस उभे राहणारे पुष्कळ मिळतात. परंतु सरकारची इतराजी ज्याच्यावर झाली आहे, त्याच्या शेजारीं उभें राहण्यांत वकिलाची खरी परीक्षा होते.

दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या काळीं खेडोपाडीं ख्रिस्ती मनुष्यास ‘तूं साहेबाचा’ असा टोमणा ऐकावा लागे. बॅप्टिस्टा यांनीं त्याला तोंडानें उत्तर देत न बसतां कृतीनें उत्तर दिलें. एप्रिल १९१६ मध्यें बेळगांव येथें टिळकांचा स्वराज्य संघ स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष हे ख्रिस्ती बॅरिस्टर होते आणि चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. आपला सातारा जिल्हा याच संघाच्या कार्यक्षेत्रांत येत होता. बॅप्टिस्टा यांनीं आपला धर्म सोडिला नाहीं, आणि टिळकांनींहि तो सोडण्यास त्यांस सांगितलें नाहीं.

पुढें त्यांचें लक्ष मजुरांकडे वळलें. त्या वेळीं मजुरांच्या संघास कायद्याचा आधार नव्हता. १९२० च्या सुमारास मद्रासेस एका गिरणीच्या चालकांनीं मजुरांच्या पुढाऱ्यांवर हायकोर्टांत फिर्याद केली, आणि मजुरांस करार मोडण्यास चिथावूं नये असा मनाई हुकूम मिळविला. अशा दिवसांत, ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं, मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली. लाला लजपतराय अध्यक्ष होते. ती उभारणाऱ्यांत ना. म. जोशी यांच्याबरोबर बॅप्टिस्टा होते. पुढच्याच वर्षीं, १९२१ सालीं, कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत झरिया येथें दुसरें अधिवेशन झालें, त्याचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. मजूरसंघांस मान्यता देणारा कायदा १९२६ सालीं झाला. उंब्रजेकडून मुंबईस गेलेला जो गिरणीकामगार स्वतःचें नांवहि लिहूं शकत नव्हता, त्याच्या बाजूनें बोलण्याचें काम या मंडळींनीं केलें.

१९०१ पासून सुमारें सतरा वर्षें बॅप्टिस्टा मुंबईच्या म्युनिसिपालिटींत सभासद होते. १९२५-२६ या वर्षीं ते तिचे अध्यक्ष झाले. ‘मेयर’ ही पदवी या आसनास १९३१ सालीं मिळाली. आणि तिला आज जो ‘महापौर’ हा मराठी शब्द रूढ आहे, तो सावरकरांनीं घडविला. ज्याच्या बचावास हे वकील उभे राहिले, त्यानेंच पुढें या पदास नांव दिलें! या आसनाचा अधिकार मात्र वाचकांस वाटतो तेवढा नव्हता. १८८८ च्या कायद्याप्रमाणें पाणी, गटारें, रस्ते यांचा प्रत्यक्ष कारभार सरकारनें नेमलेल्या कमिशनरच्या हातीं होता, व आजहि तीच रीत आहे. अध्यक्षाचें काम सभा चालविण्याचें. म्हणजे प्रत्येकास बोलण्याची पाळी देण्याचें, आणि मोठ्याच्या आवाजाखालीं लहानाचें बोलणें बुडूं न देण्याचें. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांसाठीं तोंड उघडिलें, त्याच्या हातीं शेवटीं दुसऱ्यांस बोलूं देण्याचें काम आलें.

१८ सप्टेंबर १९३० रोजीं त्यांचें देहावसान झालें. शिवडीच्या स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें. माझगांवच्या टेकडीवरील बागेस त्यांचें नांव आहे.

प्रिय वाचकहो, आपणांपैकीं फारच थोडे बॅरिस्टर होतील. पण ज्यास वाचतां येतें, त्याच्याजवळ न वाचणाऱ्या शेजाऱ्यापुरती वकिली आहेच. सातबाराचा उतारा वाचून दाखविणें, विधवेचा अर्ज लिहून देणें, ग्रामसभेंत मागें बसलेल्यास पुढें आणणें, आणि काम फसेल असें दिसत असतांहि कचेरीपर्यंत त्याच्या सोबत जाणें, हें आपल्या हातचें आहे.

पाठकांनीं मंडळीस पुढील प्रश्न विचारावे :

१. बॅप्टिस्टा यांनीं टिळकांचा व सावरकरांचा पक्ष घेतला, त्यांत त्यांस कोणता लाभ होता व कोणता धोका?

२. ‘तूं साहेबाचा’ या टोमण्यास त्यांनीं कसें उत्तर दिलें?

३. आपल्या गांवांत कोणाचें म्हणणें कोणी ऐकत नाहीं? या आठवड्यांत त्याच्यासाठीं कोण जाईल?