व्यापारी चर्चा आणि वाणीचे पाच अतिचार

व्यापार हा जसा मालाचा, तसाच माहितीचाही असतो. कोणत्या मालाला उठाव आहे, नवा कायदा काय सांगतो, कोणती वाण टिकाऊ निघाली, हे ज्यास वेळेवर कळते त्याची पेढी तरते. एकट्या दुकानदारास हे सर्व कळणे अशक्य. म्हणूनच समव्यवसायी बंधू एकत्र बसून अनुभवाची देवघेव करतात. दौलतराव शिंदे यांनी १८१० साली दिलेल्या तळाचे पुढे लष्कर नावाचे शहर झाले आणि महाराज बाडा त्याचा मध्यबिंदू ठरला. गोरखी, टाउन हॉल, डाकघर आणि लगतचा सराफा यांच्या सहवासात येथील व्यापार वाढला. १९०५ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेरचा व्यापारी मेळा सुरू झाला व १९०६ साली येथे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. मालाच्या देवघेवीपाठोपाठ विचारांच्या देवघेवीचीही सोय व्हावी, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

तथापि सभा भरविणे सोपे, ती चालविणे कठीण. बोलणारे सर्व सज्जन असले की चर्चा आपोआप सुरळीत होते, असा पुष्कळांचा समज असतो. अनुभव निराळा आहे. अमेरिकेतील हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्यावर १८६३ साली एका धार्मिक सभेचे अध्यक्षपद अकस्मात आले. सभा कशी चालवावी हे आपणास ठाऊक नाही, अशी त्यांना तेथे जाणीव झाली. पुढे त्यांनी या विषयाचा अभ्यास केला आणि १८७६ साली सभानियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या अध्यक्षास स्वतः वादात उतरावयाचे असेल त्याने प्रथम आसन सोडावे, हा त्यातील नियम आजही मननीय आहे. तराजू धरणाऱ्याने आपलाच हात पारड्यावर ठेवू नये, हेच त्याचे तात्पर्य.

जैन व्यापाऱ्यास मात्र अशा नियमांसाठी फार दूर जाण्याची गरज नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. श्रावकाच्या जीवनाकरिता सांगितलेले हे दोष व्यापारी चर्चेस किती तंतोतंत लागू पडतात ते पाहू.

पहिला मिथ्योपदेश, म्हणजे चुकीच्या मार्गास लावणारा सल्ला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा प्रत्येक बाजारात प्रश्नांचा पूर आला. अशा वेळी अर्धवट ऐकलेले उत्तर ठामपणे सांगणारा सभासद दहा दुकानांचे हिशेब बिघडवू शकतो. दुसरा रहोभ्याख्यान, म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे. कोणाच्या घरची वाटणी वा आजार हा सभेचा विषय नव्हे. तिसरा कूटलेखक्रिया, म्हणजे जो जे बोलला नाही ते त्याच्या नावावर लिहिणे. सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्याने हा दोष नित्य स्मरावा. चौथा न्यासापहार. ठेव ठेवणारा आपलीच रक्कम विसरून कमी मागू लागला असता, "होय, तेवढीच होती," असे म्हणणे हा तो दोष. दुसऱ्याची चूक आपल्या लाभाची आहे म्हणून सभेत गप्प राहणे हे त्याचेच भावंड. पाचवा साकारमंत्रभेद, म्हणजे चेहऱ्यावरून वा हालचालींवरून दुसऱ्याचा हेतू ताडून मत्सराने तो बाहेर फोडणे.

हा पाचवा दोष व्यापाऱ्यास सर्वांत घातक होय. समजा, सभेत कोणी उठून म्हणाला, "अमुक पेढीचा मालक हल्ली उदास दिसतो, तिचे काही खरे नाही." मालकाच्या उदासीनतेचे कारण कदाचित घरगुती असेल. परंतु सायंकाळपर्यंत देणेकरी दारात उभे राहतात, उधारीचा माल थांबतो, आणि जी पेढी सकाळी सुस्थितीत होती ती या एका वाक्याने खरोखरच अडचणीत येते. सोने गहाळ झाले तर पुन्हा घेता येते. गेलेली पत परत मिळविण्यास एक पिढी लागते. कायदाही हे जाणतो. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, दुसऱ्याची पत कमी करणाऱ्या आरोपाचा समावेश बदनामीत केला आहे.

अशा वेळी संचालकाने काय करावे? वक्त्यास तत्काळ, परंतु सौम्यपणे थांबवावे. "बंधो, हे आपण पाहिले, ऐकले, की आपणास वाटते?" एवढा एकच प्रश्न विचारावा. पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले यांतील भेद राखणे हे स्याद्वादाचे व्यवहारातील पहिले पाऊल आहे. उधळलेला शब्द इतिवृत्तात येऊ देऊ नये, आणि वक्त्यास अधिक समज द्यावयाची ती सभेनंतर एकांतात द्यावी. चारचौघांत केलेला उपदेश बहुधा वैरच उत्पन्न करतो.

आणखी एक मर्यादा आहे. समव्यवसायी एकत्र जमले की बोलणे भाव वाढविण्याच्या संगनमताकडे वळते, अशी शंका अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ सालीच व्यक्त केली होती. आपल्या देशात २००२ च्या स्पर्धा अधिनियमाचे कलम ३ व्यापारी संघटनांनाही लागू आहे. सर्वांनी मिळून विक्रीचा भाव ठरविणे वा बाजार आपसांत वाटून घेणे त्यास मान्य नाही. म्हणून "उद्यापासून सर्वांनी हाच दर लावू," असे कोणी म्हणताच संचालकाने तो विषय बंद करावा आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे. कर, वजनमाप, मालाची पारख, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले सोन्याचे हॉलमार्किंग, असे चर्चायोग्य विषय काही थोडे नाहीत.

आता संचालकाची नित्य कर्तव्ये थोडक्यात सांगतो.

१. विषय आधी कळवावा; ऐन वेळी नवा विषय घेऊ नये.

२. लहान दुकानदारास प्रथम बोलू द्यावे. मोठ्या पेढीचे मत आधी आले की लहानांची तोंडे बंद होतात.

३. एकाच वक्त्यास दुसऱ्यांदा संधी देण्यापूर्वी इतरांस विचारावे.

४. नियम आप्तास आणि परक्यास एकच असावा.

५. शेवटी ठरलेले सर्वांस वाचून दाखवावे व चूक तेथेच दुरुस्त करावी.

६. संचालकपद ठराविक मुदतीने दुसऱ्याकडे द्यावे.

बैठक असो, परिपत्रक असो वा दूरध्वनीवरील बोलणे असो, हे नियम सर्वत्र सारखेच उपयोगी आहेत. घरातील तरुण मुलामुलींनीही त्यांचा अभ्यास करावा, कारण उद्याच्या सभा त्यांनाच चालवावयाच्या आहेत. दुकानातील वजने आपण वेळोवेळी तपासून घेतो. जिभेवरील शब्दांचे वजनही तितक्याच दक्षतेने तपासले, तर आपल्या सभेत आलेला प्रत्येक बंधू येताना आणलेल्या पतीत भर घालूनच घरी परतेल.