परसातील फळझाडे आणि घरातील माउलीचे आरोग्य



संत लूकच्या शुभवर्तमानातील (१३:६-९) अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. तीन वर्षे फळ मिळाले नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो, भोवती खणून खत घालण्याची तयारी दाखवतो. शेतकऱ्याला हा दाखला फोड करून सांगावा लागत नाही. पण आपल्या परसात काय दिसते? पावसाळ्यात हौसेने रोप लावले जाते आणि दिवाळीच्या आत शेळी ते खाऊन टाकते.

हा विषय आज काढण्याचे कारण आरोग्याचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. लवकर थकवा येणे, चढण चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. "काही नाही, उन्हाने झाले," असे म्हणून घरातील बाई ती अंगावर काढते.

नाचणी, हुलगे, माठाची भाजी हे आपले रोजचे अन्न. त्यात लोह आहे. परंतु धान्य-भाजीतील लोह शरीरात थोडेच मुरते. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्वाचे फळ असले तर ते अधिक मुरते. उलट जेवणाबरोबरचा चहा त्याला अडवतो. घरभेटीत जेवणापाठोपाठ आलेला चहा मीही पुष्कळदा घेतला आहे. यापुढे तो तासाभराने द्यावा, ही विनंती!

परसासाठी तीन झाडे सुचवतो.

१. पेरू : संत्र्याच्या सुमारे चौपट 'क' जीवनसत्त्व पेरूत असते. 'सरदार' ही जात चांगली. तिला लखनौ-४९ असेही म्हणतात, पण तिची निवड पुण्याच्या गणेशखिंड बागेत झाली. गुटी कलम आणावे. ते दोन-तीन वर्षांत फळते. पहिल्या वर्षीचा फुलोरा खुडून टाकावा, म्हणजे झाड जोम धरते. पावसाळी फळात फळमाशीमुळे अळ्या पडतात. गळलेली फळे तशीच पडू न देता रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत. हिवाळी बहार अधिक गोड व निरोगी येतो.

२. कागदी लिंबू : जागा उंचवट्याची, निचऱ्याची हवी. खानापूरकडच्या पावसात बुंध्याशी पाणी साचले तर साल कुजते, डिंक येतो. म्हणून बुंध्याला मातीची भर द्यावी व पाण्याचे आळे बाहेरच्या बाजूस गोल काढावे.

३. करवंद : हे आपले कुंपण. जूनमध्ये पिकलेल्या करवंदांचे ताजे बी लगेच पेरावे. जुने झालेले बी उगवत नाही. रोपे दोन-तीन फुटांवर लावावीत. काटेरी जाळी वाढली की शेळी आत येत नाही, आणि मुलांना उन्हाळ्यात रानमेवा घरीच मिळतो. जाळी दाट होईपर्यंत मात्र कलमांना बोराट्यांचे काटे लावावे लागतील.

पेरू व लिंबासाठी एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे काढून उन्हात तापू द्यावेत. मग वरची चांगली माती व दोन पाट्या कुजलेले शेणखत भरावे. पहिला पाऊस होऊन जमीन ओलावली की लागण करावी. पुढे उन्हाळ्यात आंघोळीचे व भांड्यांचे पाणी चरातून झाडाकडे न्यावे. कपड्यांच्या पावडरीचे पाणी घालू नये.

लिंबू भाजीवर भांडे चुलीवरून उतरल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नष्ट होते. गरोदर स्त्रियांना दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या फळांमुळे बंद करू नयेत. गोळी चहा-दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

शेवटी एक प्रश्न. झाड फळले की पहिली पाटी कोठे जाते? बाजारात. उरलेले पुरुषांना, मग मुलांना. आणि जिने तीन उन्हाळे भांड्याचे पाणी घालून झाड जगवले, तिच्या वाट्याला बहुधा डागी फळ येते. देवाने दिलेल्या फळाची ही वाटणी न्यायाची नाही. या वर्षी प्रत्येक कुटुंबाने ठरवावे : बाजाराची पाटी भरण्यापूर्वी घरातील प्रत्येक स्त्रीच्या हाती एक चांगले फळ. मेअखेर प्रत्येक घरामागे निदान एक खड्डा तयार असावा. झाडांना आशीर्वाद द्यायला मी येईनच. खणायचे काम मात्र तुमचे.

तुमचा धर्मगुरू