कैदेतील आप्त आणि घरची माणसे

सभासद बंधुभगिनींपुढे आम्ही आज जो विषय मांडीत आहोत तो समारंभाच्या अंकात सहसा कोणी घेत नाही. आपल्या खटकचिंचोळी भागातील तरुण पोटासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतात. त्यांतील एखादा पकडला गेल्याची बातमी आली, की घरात पहिले काम होते ते दार लावून घेण्याचे. लोक काय म्हणतील या धास्तीने आठ-आठ दिवस कोणी चौकशीस जात नाही. वस्तुतः तेच दिवस मोलाचे असतात.

अटक झाल्याची व माणसाला कोठे ठेवले आहे याची खबर त्याने सांगितलेल्या नातलगास किंवा मित्रास ताबडतोब देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 48 व्या कलमात हे स्पष्ट आहे. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे तर संविधानाच्या 22 व्या अनुच्छेदातच आहे. तेव्हा प्रथम ठाण्यात, आणि तेथे दाद लागली नाही तर त्या ठाण्याच्या कोर्टात विचारावे.

कोठे ठेवले हेच न कळणे म्हणजे काय, हे 1942 साली देशाने पाहिले. मौलाना आझाद व त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात होते. पण ते कोठे आहेत हे आरंभी लोकांपासून लपविले गेले. पत्रांनाही मनाई होती. पुढे कलकत्त्यास मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी पडल्या व एप्रिल 1943 मध्ये वारल्या. पतिपत्नींची शेवटची भेट झाली नाही. किल्ल्यात लिहिलेली व पाठविता न आलेली मौलानांची पत्रे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपाने आली. आज आपल्या माणसाला पत्र घालण्याची मोकळीक असता आपण ते घालीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

पत्र साधे असावे. तुरीची रास किती झाली, म्हैस व्याली का, धाकटी कितव्या इयत्तेत गेली, एवढे पुरे. खटल्याविषयी मात्र अक्षरही लिहू नये, कारण पत्र अधिकारी वाचतात. आजीला लिहिता येत नसेल तर नातवाने लिहावे. निबंधाच्या वहीपेक्षा तेथे त्याचे मराठी अधिक सुधारेल, असे आम्ही शिक्षक म्हणून सांगतो.

भेटीचे दिवस व वेळ प्रत्येक राज्यात निराळी आहे. बिदर किंवा कलबुर्गीच्या तुरुंगास जाण्यापूर्वी विचारून घ्यावे व ओळखपत्र बरोबर न्यावे. दूरच्या तुरुंगासाठी ‘ई-मुलाकात’ या सरकारी सोयीने आगाऊ नोंदणी करता येते. फाटकाशी ‘निरोप आत पोचवितो’ म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नये.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमाने कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. भालकीस तालुका विधिसेवा समितीकडे जावे, अथवा 15100 या क्रमांकावर बोलावे.

आता सर्वांत अडचणीची बाब, जामीनदाराची. आपण सीमेवरची माणसे. मुलगा लातुरात पकडला जातो आणि चुलत्याची जमीन भालकी तालुक्यात असते. तिकडे सातबारा मागतात, इकडे पहाणी मिळते, तीही कानडीत. ‘स्थानिक जामीनदार आणा’ असे ऐकून माणसे परत येतात. अशांनी 1978 चा मोतीराम खटला ध्यानात ठेवावा. मध्य प्रदेशातील या गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रात हा जिल्ह्याचा भेद अमान्य केला, परप्रांतात परभाषेचे कागद घेऊन आलेल्या माणसाची अडचणही बोलून दाखविली, व मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. वकिलाला हा खटला नावाने सांगावा.

जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहणारे पुष्कळ आहेत. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधिसेवा प्राधिकरणास कळवावे, आणि महिनाभरात जामीन भरता न आल्यास न्यायालयाने आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. म्हणून जामिनाच्या हुकुमाची नक्कल त्याच दिवशी मागावी, तीवरील तारीख घरच्या वहीत टिपावी, आणि आठव्या दिवशी ती नक्कल घेऊन प्राधिकरणाच्या कचेरीत जावे.